शर्यतीच्या व्हिडिओ गेममधील वास्तव आणि सुगमता

वास्तववादाची चर्चा आपण आजवर कथा-कादंबरीच्या संदर्भात केली. हाच प्रश्न शर्यतीच्या व्हिडिओ गेमच्या रचनाकारांपुढे अगदी व्यावहारिक रूपात उभा राहतो. पडद्यावरील मोटार खऱ्या मोटारीसारखी वागावी, की ती कोणालाही चालवता यावी? हे दोन हेतू परस्परविरोधी आहेत, असे सर्रास मानले जाते. हे मत कितपत टिकते, ते पाहू.

प्रथम थोडी भौतिकी. मोटारीचा रस्त्याशी संबंध येतो तो टायरांच्या तळहाताएवढ्या चार पट्ट्यांतून. या पट्ट्यांची पकड ही मर्यादित पुंजी होय. ती ब्रेक लावण्यात खर्च झाली, तर वळण्यासाठी कमी उरते. म्हणून कसलेला चालक ब्रेकवरचा पाय जसजसा सैल करतो, तसतसे स्टिअरिंग अधिक वळवीत जातो. शिवाय वळताना टायरचे तोंड एका दिशेला असते आणि त्याची प्रत्यक्ष वाटचाल किंचित वेगळ्या दिशेने होते. या दोहोंतील कोन वाढतो तशी बाजूची पकड वाढते, शिखर गाठते आणि मग उतरू लागते. गेमची प्रकृती बरीचशी या उतारावर ठरते. उतार तीव्र ठेवला तर क्षणभराच्या चुकीने मोटार गिरकी घेते. सौम्य ठेवला तर ती घसरते, पण सावरता येते.

सेगा कंपनीसाठी यू सुझुकी यांनी रचलेला १९८६ सालचा 'आउट रन' किंवा नामको कंपनीचा १९९३ सालचा 'रिज रेसर' हे नाणे टाकून खेळण्याचे गेम. पहिल्या मिनिटात खेळ उमगला नाही, तर खेळणारा दुसरे नाणे कशाला टाकील? 'रिज रेसर'मध्ये वळणाच्या तोंडाशी ॲक्सिलरेटर क्षणभर सोडून स्टिअरिंग फिरवले की मोटार डौलाने आडवी घसरते आणि वेग फारसा न गमावता वळण पार करते. खऱ्या टायरला हे मानवणारे नाही. मात्र हा नियम पक्का आहे आणि तो प्रत्येक वळणावर पाळला जातो. अशा गेमला 'खोटा' म्हणण्यापेक्षा त्याचे व्याकरण वेगळे आहे, असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

दुसऱ्या टोकाला पॅपिरस या अमेरिकी संस्थेचा १९९८ सालचा 'ग्रां प्री लेजंड्स' आहे. त्याचा विषय १९६७ सालचा ग्रां प्री हंगाम. त्या काळच्या मोटारींना हवेच्या दाबाने जमिनीला चिकटवून ठेवणारे पंख नव्हते. त्यांचे वर्तन या गेमने इतक्या निष्ठेने उतरवले की नवख्या खेळाडूला एक फेरी न घसरता पूर्ण करणेही दुष्कर होई.

येथे एक सूक्ष्म मुद्दा लक्षात घ्या. खऱ्या चालकाला मोटार घसरू लागल्याची वर्दी डोळ्यांआधी शरीर देते: आसनातून, पाठीतून, कानातील तोलाच्या इंद्रियातून. पडद्यासमोर बसलेल्याजवळ बहुधा फक्त चित्र आणि ध्वनी असतो. म्हणजे गणित अचूक असूनही अनुभव वास्तवाहून कठीण होतो. भाषेच्या अभ्यासकाला हे नवे नाही. दोन माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून अडखळण्यांसह, अर्धवट वाक्यांसह जसेच्या तसे छापले, तर वाचकाला तो संवाद कृत्रिम वाटतो. कारण आवाजाची पट्टी, चेहरा, हातवारे कागदावर उतरलेले नसतात. जे माध्यमात हरवते त्याची भरपाई कादंबरीकार करतो. टायरच्या किंचाळण्याचा आवाज वाढवणारा रचनाकार वेगळे काय करतो?

नियंत्रणाचेही तसेच. कीबोर्डची कळ एकतर दाबलेली असते किंवा सोडलेली. स्टिअरिंगचे अधलेमधले कोन तिला ठाऊक नसतात. त्यामुळे कट्टर वास्तववादी गेमलाही बोट आणि चाक यांच्यामध्ये एक दुभाषा बसवावा लागतो. तो कळीच्या झटक्याचे रूपांतर हळूहळू वाढणाऱ्या कोनात करतो आणि अनेकदा मोटारीचा वेग वाढला की हा कोन आखूड ठेवतो.

मग सुगमता आणावी कशी? भौतिकी सौम्य करणे हा एकच मार्ग नव्हे. १९९७ सालच्या 'ग्रॅन टुरिस्मो'ने खेळाडूला परवान्याच्या परीक्षा देण्यास लावले: आधी ठरल्या जागी थांबून दाखवा, मग एकेक वळण घ्या. येथे भाषा सोपी न करता वाचक घडवला जातो. कोडमास्टर्सच्या २००८ सालच्या 'ग्रिड'ने आणखी निराळी युक्ती योजली. अपघात झाला की काळ काही सेकंद मागे नेता येतो, तोही मोजक्याच वेळा. टायरचे नियम जेथल्या तेथे राहतात. स्वस्त होते ती चूक. माझ्या मते कठीणपणा आणि चुकीची किंमत या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळेच आरंभी नोंदवलेला विरोध अटळ भासतो.

स्वाध्याय: परिचयाच्या कादंबरीतील संवादाचे एक पान निवडा. प्रत्यक्ष बोलण्यातील कोणत्या गोष्टी लेखकाने गाळल्या आहेत आणि त्यांच्या जागी काय योजले आहे, हे सोदाहरण लिहा.