सेंद्रिय शेतीची पहिली तीन वर्षे

रासायनिक खतांची सवय जडलेली जमीन एका हंगामात पालटत नाही. शेणखत, हिरवळीचे खत व पिकांची फेरपालट यांनी ती सावकाश सावरते. तोवर बहुधा उत्पन्न घटते. प्रमाणपत्राविना मालास वाढीव भावही मिळत नाही, आणि हंगामी पिकांस ते मिळावयास साधारणतः दोन वर्षे लागतात. लहान शेतकऱ्याचे धैर्य खचते ते याच काळात.

केंद्र सरकारने २०१५ साली आरंभिलेली ‘परंपरागत कृषी विकास योजना’ या अडचणीसाठीच आहे. तिच्या सुधारित निकषांनुसार शेतकऱ्यांच्या गटांस तीन वर्षांकरिता हेक्टरी ३१,५०० रुपयांचे साहाय्य मिळते. पैकी १५,००० रुपये सेंद्रिय खतादी साधनांसाठी थेट शेतकऱ्याच्या खात्यात जमा होतात. उरलेले प्रशिक्षण, प्रमाणीकरण व विक्री यांसाठी असतात. वर्षास हेक्टरी पाच हजारांत घटलेले पीक भरून निघेलच असे नाही. म्हणूनच खत सिद्ध करण्यापासून माल विकण्यापर्यंत गटाने एकजुटीने राहणे, हाच या साहाय्याचा खरा उपयोग होय.