परिचारिकांचे स्थैर्य आणि रुग्णालयाचा लौकिक

नव्या यंत्रासाठी दिलेल्या देणगीचे फळ डोळ्यांना दिसते. तीच देणगी परिचारिकांची निवासस्थाने, पाळणाघर किंवा वेतनवाढ यांसाठी खर्च झाली, तर ‘यातून रुग्णांना काय मिळाले?’ असा प्रश्न देणगीदारांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

वर्षभरात नोकरी सोडणाऱ्यांचे सरासरी कर्मचारीसंख्येशी असलेले शेकडा प्रमाण म्हणजे कर्मचारी-गळती. शंभर परिचारिकांपैकी तीस जणी सोडून गेल्या, तर गळती ३० टक्के. रिकामी जागा महिन्याभरात भरता येते. परंतु नव्या परिचारिकेला विभागाची घडी, औषधांची मांडणी व डॉक्टरांची कार्यपद्धती अंगवळणी पडण्यास बराच काळ लागतो. तोवर जुन्या परिचारिकांना तिला शिकवून शिवाय दुहेरी पाळ्या कराव्या लागतात. थकून त्यांतील आणखी काही जणी जातात. हा तोटा ताळेबंदात कोठेही स्वतंत्र दिसत नाही.

रुग्णाच्या दृष्टीने मात्र तो प्राणाशी निगडित आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांचा लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले.

गळती थोपविता येते, याचे उदाहरण उद्योगक्षेत्रात मिळते. १९१३ मध्ये अमेरिकेतील फोर्ड मोटार कारखान्यात गळती ३७० टक्क्यांवर पोहोचली होती. म्हणजे एकेका जागेवर वर्षात तीन-चार माणसे बदलत होती. जानेवारी १९१४ मध्ये कंपनीने आठ तासांच्या दिवसाला पाच डॉलरपर्यंत मोबदला देऊ केला. पूर्वीच्या रोजाच्या हा जवळजवळ दुप्पट होता. १९१५ पर्यंत गळती १६ टक्क्यांवर उतरली.

धर्मादाय रुग्णालयाच्या बाबतीत या हिशेबाला आणखी एक पदर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात. इतर रुग्णांच्या देयकांतील २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. सेवेचा दर्जा घसरला, की ऐपत असलेला रुग्ण दुसरे रुग्णालय गाठतो आणि हा निधी आटतो. निर्धनाला मात्र तसा पर्याय नसतो. लौकिकाची हानी शेवटी त्याच्याच वाट्याला येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे ५८ लाख परिचारिकांची उणीव होती. अनुभवी परिचारिकेला परदेशात, शासकीय सेवेत व मोठ्या खासगी रुग्णालयांत मागणी आहे. वेतनाच्या चढाओढीत धर्मादाय संस्था नेहमीच टिकेल, असे नाही. पण सुरक्षित निवास, रास्त पाळ्या, मुलांची सोय, उच्च शिक्षणासाठी रजा आणि सन्मानाची वागणूक देणे तिच्या आवाक्यात आहे. रात्री दोन वाजता रुग्णाचा बदललेला श्वास ओळखणारी अनुभवी सिस्टर रुग्णालयात टिकावी, यासाठी खर्ची पडलेली देणगी थेट रुग्णसेवेलाच पोहोचते, याची देणगीदारांनी खात्री बाळगावी, ही नम्र विनंती.