मोगरा जगवा, पण स्वतःलाही जपा

मराठवाड्यात मार्च सरला की दोन गोष्टी एकदमच होतात. अंगणातला मोगरा कळ्या धरतो आणि नळाला पाणी येण्याचे दिवस लांबत जातात. तीर्थपुरी, घनसावंगी, अंबड या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. मग घरोघरी कुंड्या वाचवण्याची धडपड सुरू होते. सुटी लागलेली मुले, निवृत्त झालेले आजोबा, घरातल्या बायका सगळेच तिला हातभार लावतात. हा छंद चांगलाच आहे. हातापायांना हालचाल मिळते, मन रमते आणि संध्याकाळी दारात सुगंध दरवळतो. पण उन्हाने आलेली चक्कर, विंचवाचा दंश आणि पाऊस पडताच वाढणारा डेंग्यू या दवाखान्यातल्या नेहमीच्या तक्रारींचे मूळ कधी कधी याच अंगणात असते. झाड जगवण्याची योग्य पद्धत आणि माणसाला सुरक्षित ठेवण्याची पद्धत बहुतेक ठिकाणी एकच आहे. म्हणूनच आजचा हा विषय.

दुपारी झाडही काम थांबवते

पानांवर डोळ्यांना न दिसणारी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि पान थंड राहते. आपल्याला घाम येतो, तो वाळतो आणि त्वचा थंड होते, त्यातलाच हा प्रकार. पाणी कमी पडू लागले की झाड ही छिद्रे मिटून घेते. भर दुपारी जास्वंदाची पाने माना टाकतात, ती बरेचदा याच ओढाताणीमुळे. कुंडीतली माती ओली असेल तर अशी पाने संध्याकाळपर्यंत आपोआप सावरतात. झाडाला खरोखर पाणी हवे की नाही, हे सकाळी पाहावे. पहाटेही पाने मलूल दिसली तर झाड तहानलेले आहे असे समजा.

म्हणजे दुपारी एक वाजता झारी घेऊन अंगणात जाण्याची गरजच नाही. त्या वेळी घातलेले बरेचसे पाणी वाफ होऊन उडून जाते. पाणी सकाळी उन्हे चढण्याआधी किंवा सूर्य मावळल्यावर, मातीत बोट घालून ओल पाहूनच द्यावे. कुंडी बदलणे, मोठी छाटणी, भरपूर रासायनिक खत ही कामे पावसाळ्यापर्यंत थांबवली तर झाडावरचा ताण कमी होतो.

माणसाचे गणित आणखी कडक आहे. आपल्या शरीराचे तापमान साधारण ३७ अंश सेल्सिअस असते. बाहेरची हवा त्याहून तापलेली असली की हवेतून शरीरात उष्णता शिरू लागते. मग घामाखेरीज शरीरापाशी दुसरा उपाय उरत नाही. दुपारी १२ ते ४ या वेळेत गच्चीवर कुंड्या उचलणे, माती खणणे टाळा. साठीच्या पुढच्या व्यक्ती, गर्भवती आणि लहान मुले यांना उन्हाचा त्रास लवकर होतो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनीही जास्त सांभाळावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर दिवसात किती पाणी प्यावे, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

चक्कर, पायांत गोळे, मळमळ, डोकेदुखी ही पहिली सूचना. लगेच सावलीत या, कपडे सैल करा, ओआरएस घ्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवा. चमचा चहाचा घ्यावा. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तो उष्माघात समजा. अशा वेळी तोंडात पाणी ओतू नका. अंगावर पाणी टाका, वारा घाला, मान, काखा आणि जांघा यांवर बर्फ किंवा गार ओली फडकी ठेवा आणि १०८ क्रमांकाला फोन करा. रुग्णवाहिका येईपर्यंत अंग गार करणे थांबवू नका.

पाणी साठवा, पण झाकून

पाणी रोज येत नाही म्हणून आपण पिंप, हौद, रांजण भरून ठेवतो. त्यातच कुंडीखालच्या बशा, कूलरची टाकी, पक्ष्यांसाठी ठेवलेले भांडे यांची भर पडते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असेच साठलेले, स्वच्छ पाणी आवडते. उन्हाळ्याच्या दिवसांत अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो.

यात एक गोष्ट हमखास सुटते. या डासाची मादी भांड्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवते. भांडे कोरडे पडले तरी ती अंडी महिनोन् महिने टिकतात आणि जूनमध्ये पाणी लागताच फुटतात. त्यामुळे बशी नुसती उपडी करून भागत नाही. काथ्याने किंवा ब्रशने घासायला हवी. शक्य असेल तर उन्हाळ्यात कुंडीखालची बशी काढूनच टाका.

ओतायचे पाणी वाया जाऊ देऊ नका. ते कोरड्या मातीत टाकले की त्यातल्या अळ्या मरतात आणि झाडाचीही सोय होते. कूलरच्या पाण्यात क्षार वाढलेले असतात, म्हणून ते नाजूक गुलाबापेक्षा बोगनवेलीच्या बुडाशी घालावे. डाळ-तांदूळ आणि भाज्या धुतलेले पाणी कुंड्यांना चालते.

पाण्याची गरजच कमी करणे सर्वांत चांगले. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. बुंध्याभोवतीच्या आच्छादनाची किंमत इथल्या शेतकऱ्याला वेगळी सांगायला नको. तेच तंत्र कुंडीत वापरा. मातीवर उसाच्या पाचटाचा किंवा वाळल्या पानांचा दोन बोटे जाडीचा थर दिला की ओल जास्त टिकते. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या तापून मुळे भाजतात. त्या एकमेकींना लागून, हिरव्या जाळीच्या सावलीत ठेवाव्यात. मातीची कुंडी माठासारखी झिरपते आणि मुळांना गारवा देते, पण लवकर कोरडी पडते हे लक्षात असू द्या.

कुंडीखाली हात घालण्याआधी

गारवा आणि अंधार विंचवालाही हवा असतो. कुंडीचे बूड, विटांची कड, पाचटाचा ढीग, कोपऱ्यात ठेवलेले बूट या त्याच्या जागा. तो रात्री बाहेर पडतो. त्यामुळे संध्याकाळी पाणी घालताना बूट आणि विजेरी हवीच. कुंडी सरकवताना पुढे काठी घाला, पालापाचोळा हाताने न उचलता खुरपीने उलथा.

आपल्याकडचा लाल विंचू चावल्यावर भरपूर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, छातीत धडधड ही लक्षणे दिसतात. पुढे फुप्फुसांत पाणी साचून जीव जाऊ शकतो. लहान मुलांना धोका अधिक. या विषाने पेटलेले रक्तदाबाचे आणि हृदयाचे चक्र प्राझोसीन या स्वस्त गोळीने आवरता येते, हे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवले आणि १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. डॉ. बावस्कर मूळचे आपल्याच जालना जिल्ह्यातले. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी साधारण ३० टक्के दगावत. या उपचारानंतर ते प्रमाण अगदी थोड्या टक्क्यांवर आले. पण गोळी वेळेत मिळाली तरच हा फायदा होतो. विंचू उतरवायला माणूस शोधण्यात, जखम कापण्यात किंवा वर घट्ट दोरी बांधण्यात वेळ घालवू नका. थेट जवळच्या सरकारी दवाखान्यात या.

न वाळणारी कण्हेर

सगळी बाग होरपळली तरी कण्हेर आणि बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, टवटवीत राहतात. पाणी कमी लागते, गुरे-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून त्या दारोदारी आणि महामार्गाच्या दुभाजकातही लावलेल्या दिसतात. गुरे तोंड का लावत नाहीत, हे मात्र घरातल्या मुलांना सांगायचे राहून जाते. या दोन्ही झाडांची पाने, फुले, साल, बिया सगळे विषारी आहे. हृदयाचे ठोके मंदावणारी आणि बिघडवणारी द्रव्ये त्यांत असतात. बिट्टीच्या बिया मुलांच्या खेळात सहज येतात. एखाद्या मुलाने बी चावली असा नुसता संशय आला, तरी लक्षणांची वाट पाहू नका. सुरुवातीला मूल ठीक दिसते, ठोके नंतर बिघडू शकतात. बी किंवा पान सोबत घेऊन लगेच रुग्णालयात या. ईसीजी काढून मुलाला निरीक्षणाखाली ठेवावे लागते. मुलांना उलटी करवण्यासाठी मिठाचे पाणी पाजू नका.

ही झाडे उपटून टाकायची गरज नाही. ती कुंपणाकडे लावा, खाली पडलेली फळे रोज वेचून टाका, छाटणीचा पाला चुलीत जाळू नका आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. लहान मूल घरात असेल तर तिच्याऐवजी मोगरा, जास्वंद किंवा बोगनवेल निवडा.

सुटीत मुलांना एक काम नेमून द्या. दर रविवारी सकाळी सातच्या आत मोठ्या माणसासोबत अंगणात फिरायचे, साठलेले पाणी शोधून झाडांना घालायचे आणि रिकामे भांडे मोठ्यांकडून घासून घ्यायचे. अर्ध्या तासाचे हे काम जूनपर्यंत नेमाने चालले, तर कुंड्या जगतील आणि पावसाळ्यात तापाने फणफणलेले मूल घेऊन आमच्या रांगेत उभे राहण्याची वेळ येण्याची शक्यताही कमी होईल.