बातमी वाचा, प्रश्न घरीच काढा

राज्यसेवेचा अर्ज भरलेला एखादा तरी मुलगा, एखादी तरी मुलगी आज आपल्या वस्तीवस्तीत आहे. बाप कारखान्यात पाळी करतो, आई चार घरची धुणीभांडी करते आणि मुलगी विहाराच्या अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत बसते. इतिहास, भूगोल, राज्यघटना यांची पुस्तके एकदा घेतली की काही वर्षे चालतात. चालू घडामोडींचे तसे नाही. दर महिन्याला नवे मासिक, थोड्या दिवसांनी नवा प्रश्नसंच. पैसा जातो तो इथे आणि गुणही जातात ते इथेच. म्हणून या विषयाचे सराव प्रश्न घरच्या घरी कसे काढावेत, एवढेच आज सांगणार आहोत.

प्रथम हिशेब पाहू. पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण आणि दोन तास वेळ. बरोबर उत्तराला दोन गुण मिळतात. चुकले तर अर्धा गुण कापला जातो. म्हणजे चार चुका एका बरोबर उत्तराची कमाई खाऊन टाकतात. दुसऱ्या पेपरात ३३ टक्के मिळवून पात्र ठरले की झाले. मुख्य परीक्षेला कोण जाणार, हे पहिल्याच पेपरावर ठरते. अर्धवट माहितीवर ठोकून दिलेले उत्तर किती महाग पडते, ते यावरून ध्यानात यावे.

एका रविवारी आम्ही अभ्यासिकेत मुलांना विचारले, "न्यायमूर्ती भूषण गवई यांनी सरन्यायाधीशपदाची शपथ कधी घेतली?" सगळ्यांनी एका आवाजात सांगितले, १४ मे २०२५. ते अमरावतीचे, रा. सू. गवई यांचे चिरंजीव, देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश, हेही सर्वांना पाठ. मग विचारले, "ते निवृत्त कधी झाले? त्यांच्यानंतर कोण आले?" अभ्यासिका गप्प. ते २३ नोव्हेंबर २०२५ रोजी निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी न्यायमूर्ती सूर्य कांत यांनी शपथ घेतली. एका मुलाने विकतची पुस्तिका उघडली. तीत जुनेच नाव होते. छापली तेव्हा ते बरोबरच होते. पण पुस्तिका जुनी झाली, हे काही पुस्तिका सांगत नाही. आणि आपलेही असे होते, की आनंदाची बातमी आपण पाठ करतो आणि तिच्या पुढची बातमी वाचायची राहून जाते.

यावर उपाय एकच. प्रत्येक मोठ्या बातमीला चार प्रश्न विचारायचे. काय घडले आणि कोणत्या तारखेला? त्याआधी काय स्थिती होती? राज्यघटनेतील कोणत्या कलमाशी किंवा अनुसूचीशी त्याचा संबंध आहे? आणि त्यानंतर काय बदलले? एक वही करावी. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर आणि खाली वर्तमानपत्राची तारीख. महिन्यातून एकदा जुनी पाने चाळून बदललेली उत्तरे दुरुस्त करावीत.

उदाहरण घेऊ. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या पाच भाषांना अभिजात दर्जा दिला. त्याआधी असा दर्जा सहा भाषांना होता. आता अकरा झाल्या. यावर विधानांचा प्रश्न असा होईल: (अ) या पाचही भाषांना एकाच निर्णयाने अभिजात दर्जा मिळाला. (ब) या पाचही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहेत. कोणते विधान बरोबर? पालीच्या प्रेमापोटी आपली मुले "दोन्ही बरोबर" म्हणून मोकळी होतात. पण आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत पालीही नाही आणि प्राकृतही नाही. फक्त पहिले विधान बरोबर. अर्धा गुण गेला तो असा.

दुसरे उदाहरण घराघरात वाद झालेल्या बातमीचे. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने सांगितले, की अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण राज्यांना करता येईल. भिन्न मत न्यायमूर्ती बेला त्रिवेदी यांचे होते. २००४ चा चिन्नय्या खटल्यातील निकाल यामुळे बाजूला पडला. आता प्रश्न काढा: या निकालाने अनुसूचित जातींच्या यादीत नवी जात घालण्याचा अधिकार राज्याला मिळाला काय? नाही. कलम ३४१ प्रमाणे यादी राष्ट्रपती जाहीर करतात आणि पुढे तीत भर घालणे वा नाव काढणे हे संसदेच्या कायद्यानेच होते. या निकालाविषयी ज्याचे मत सर्वांत ठाम, त्यालाच नेमके हे कलम आठवले नाही, असे आम्ही पाहिले आहे.

मताला परीक्षेत जागा नाही, असा मात्र याचा अर्थ नव्हे. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. तिथे निबंध आहे, लेखी उत्तरे आहेत. तेव्हा तीच बातमी वहीत दोनदा लिहावी: एकदा पर्यायांसह प्रश्न म्हणून आणि एकदा दोन्ही बाजू मांडून पंधरावीस ओळींत. मत असावे, पण ते तारीख, कलम आणि निकाल यांच्या पायावर उभे असावे.

प्रश्न स्वतः काढण्याचा मोठा फायदा म्हणजे चुकीचे पर्यायही आपल्यालाच शोधावे लागतात. बुद्धांचे पिप्रहवा येथील पवित्र अवशेष जुलै २०२५ मध्ये भारतात परत आले. त्याआधी मे महिन्यात हाँगकाँगमध्ये त्यांचा लिलाव व्हायचा होता; भारत सरकारने हरकत घेतल्यावर तो थांबला. "पिप्रहवा कोणत्या राज्यात?" या प्रश्नाला पर्याय कोणते द्याल? बिहार देताना बोधगया आठवेल, मध्य प्रदेश देताना सांची आठवेल आणि खरे उत्तर, उत्तर प्रदेश, लिहिताना १८९८ चे उत्खननही आठवेल. एका प्रश्नात तीन स्थळांची उजळणी झाली.

या कामात घरच्यांचा वाटा मोठा आहे. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर येत असलेच पाहिजे असे नाही. ते वहीत लिहिलेले असते. चौथी शिकलेली आई भाकरी थापताना मुलीकडून कालची बातमी ऐकू शकते आणि "मग पुढं काय झालं?" एवढे विचारू शकते. वडिलांनी पाळीवरून येताना वर्तमानपत्र आणावे. धाकट्या भावाने वहीतले दहा प्रश्न वाचून दाखवावेत आणि चुकलेल्यांवर खूण करावी. अभ्यासिकेतल्या मुलांनी रविवारी वह्या बदलून एकमेकांचे प्रश्न सोडवावेत. पाच जणांचे दहा दहा प्रश्न म्हणजे पन्नास प्रश्नांचा संच, तोही दर आठवड्याला आणि विनाखर्च.

मासिक घेऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. एखादे चांगले मासिक अभ्यासिकेने वर्गणी काढून घ्यावे, सर्वांनी वाचावे. पण त्याची उत्तरे वर्तमानपत्राशी ताडून मगच वहीत उतरवावीत.

शंभर पानी वही आजच आणा. पहिल्या पानावर आजची एक बातमी आणि तिचे चार प्रश्न लिहा. पहिला प्रश्न आईला विचारू द्या.