गाठ केवढी, त्रास केवढा?

एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले आमच्या ओळखीचे एक काका रात्रीतून चारदा लघवीला उठतात. सोनोग्राफीत त्यांची प्रोस्टेट जेमतेम वाढलेली. त्यांच्याच बरोबरीच्या दुसऱ्या काकांची चांगली मोठी, पण ते रात्रभर घोरतात! तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर इथे जरा थांबा. अशी न जुळणारी जोडी दिसली की प्रश्न सापडला समजायचं.

प्रोस्टेटचा आकार आणि लघवीचा त्रास यांचं नातं कच्चं आहे, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. मग बाकीचा त्रास येतो कुठून? एक संशयित म्हणजे स्वायत्त मज्जासंस्था. मूत्राशय भरताना तिचा सिंपथेटिक भाग पिशवी सैल ठेवतो आणि तोंड आवळून धरतो. रिकामं करताना पॅरासिंपथेटिक भाग पिशवी आकुंचित करतो. प्रोस्टेटमध्येही अनैच्छिक स्नायू असतात आणि त्यांना आवळायचा हुकूम सिंपथेटिककडूनच येतो. टॅमसुलोसिन हा हुकूम अडवते. गाठ तेवढीच राहते, तरी धार सुधारते.

२००५ मध्ये मॅकव्हॅरी आणि सहकाऱ्यांनी ३८ पुरुषांना कलत्या टेबलावर उभं करून रक्तदाब, नाडी आणि नॉरअॅड्रेनलिन मोजलं. सिंपथेटिक जोर जास्त, तिथे त्रासाचा स्कोअरही जास्त निघाला. (हा स्कोअर ७ प्रश्नांचा, ० ते ३५.)

हे वाचून मी लगेच वहीत बाण काढला होता: मज्जासंस्था → त्रास. पण बाण उलटाही असू शकतो ना? रात्री चारदा झोपमोड झाली, तर सिंपथेटिक चढणारच. एकाच वेळी घेतलेल्या मोजमापातून बाणाची दिशा कळत नाही.

आणि माझे ते काका? त्यांना ३ दिवस लघवीची नोंद ठेवायला सांगितली: वेळ आणि मापाच्या भांड्यात मोजून मिली. दिवसभरातली निम्मी लघवी रात्रीच होत होती. या वयात एक तृतीयांशाच्या वर गेली तरी ती जास्त धरतात. म्हणजे त्यांच्याकडे रात्री लघवी तयारच जास्त होत होती. पुढे विचारलं तर कळलं, रक्तदाबासाठीची लघवी वाढवणारी गोळी ते रात्रीच्या जेवणानंतर घेतात. वेळ बदलायची का, हे आता त्यांचे डॉक्टर ठरवतील. माझ्या उदाहरणांच्या यादीतून मात्र मी काकांना काढलंय.