उन्हाळ्यातील खाडी आणि कोंड

सह्याद्रीच्या कड्यावर उगम पावून शंभर-सव्वाशे किलोमीटरांच्या आतच समुद्रास मिळणाऱ्या कोंकणातील बहुतेक नद्या पावसाळ्यात कितीही दुथडी भरून वाहिल्या, तरी चैत्र सरता सरता त्यांचा प्रवाह तुटतो आणि पात्रातील ज्या खोल जागांना आपण कोंड किंवा डोह म्हणतो, तेथेच काय ते पाणी उरते. कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर पोफळीकडून जिच्यात उतरते ती वाशिष्ठी याला अपवाद. वरून येणारा गोड्या पाण्याचा ओघ असा आटला म्हणजे समुद्राचे खारे पाणी खाडीत अधिकाधिक आत शिरते, आणि त्याच्याबरोबर समुद्राकडील मासळीही आत येते. म्हणून उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या मासेमारीचे दोन निराळे प्रांत पडतात: भरती-ओहोटीच्या हुकमात चालणारी खाडी, आणि जिथला मासा महिना-दोन महिने कोठेही जाऊ शकत नाही असा कोंड.

खाडीकाठच्या माणसाचा दिवस घड्याळावर नव्हे, तिथीवर चालतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा जुना ठोकळ हिशेब आजही उपयोगी पडतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पाणी भरते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती बाराच्या आसपास येत असल्यामुळे तळ सर्वाधिक उघडा पडतो तो सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे, म्हणजे ऊन सोसण्याजोगे असते त्याच वेळी. मुंबईकडे मोठ्या उधाणाच्या भरती-ओहोटीतील अंतर साडेचार-पाच मीटरांपर्यंत जाते. दक्षिणेस मालवणकडे ते बरेच कमी होते, आणि त्याप्रमाणे जाळी लावण्याच्या जागा व रीतीही बदलत जातात.

ओहोटीच्या या दोन-तीन तासांत खाडीवर जे श्रम होतात, त्यांतील मोठा वाटा स्त्रियांचा असतो, आणि मासेमारीविषयी लिहिताना होड्या व जाळी यांचेच वर्णन करून या श्रमांकडे पाठ फिरवावी हे मला अन्यायाचे वाटते. खडकांना घट्ट चिकटलेली कालवे कोयतीच्या नेमक्या घावाने फोडून आतील मांस अखंड काढणे, किंवा भाट्ये आणि काळबादेवीच्या खाडीत कमरेइतक्या पाण्यात उभे राहून पायाच्या बोटांनी तळाची वाळू चाचपत तिसऱ्या वेचणे, हे काम दिसते त्याहून पुष्कळ अवघड आहे. शिंपल्याच्या धारेने हात-पाय कापतात, पाठीवर ऊन चढत असते, आणि पाणी फिरण्यापूर्वी टोपली भरावी लागते. अनुभवी बाई बोटाच्या पोटाला लहान तिसरी लागली तर ती तशीच खाली सोडते. पुढच्या वर्षाचा माल तोच, हे तिला कोणत्याही खात्याच्या परिपत्रकावाचून ठाऊक असते.

पुरुष पाग टाकतात. काठाला शिशाचे मणी ओवलेले हे वर्तुळाकार जाळे मनगटाच्या एका झोक्यात हवेतच पूर्ण उमलले पाहिजे. अर्धवट उघडले, तर बोय जाळ्याच्या कडेवरून उडी घेऊन निसटते. पागात रेणवी येते, शेंगाळा येतो, आणि जोडीजोडीने अंडी व पिल्ले राखणारा काळुंदरही येतो. अलिबाग-पेणकडे मात्र खरा मान जिताड्याचा. हा मासा पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी वितो, त्याची पिल्ले गोड्या पाण्याकडे चढतात, प्रथम काही वर्षे तो नर असतो आणि पुढे मादी होतो. त्यामुळे मोठाले जिताडेच वेचून मारले, तर विणीच्या माद्याच नाहीशा होतात. सिंधुदुर्गात किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीचे दिवसही उन्हाळ्याबरोबरच संपत येतात, आणि बांगडा, सुकट, सोडे वाळवून घराघरात आगोटीची बेगमी होते.

कोंडाची गोष्ट वेगळी. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे वैशाखातल्या पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडताना दिसतात. हवेतून श्वास घेऊ शकणारी मरळ तेवढी निश्चिंत असते. पूर्वी गेळाची फळे किंवा रामेठ्याची साल कुटून पाण्यात टाकीत. मासे गुंगत, लोक हवे तेवढे उचलीत, आणि मात्रा ओसरली की उरलेले सावरण्याचा संभव असे. आता काही ठिकाणी ब्लीचिंग पावडर ओततात, कीटकनाशक ओततात, जिलेटिनचा बार उडवतात. ब्लीचिंगने माशांचे कल्ले जळतात, स्फोटाने वाताशय फुटतात, आणि बोटभर पिल्लांपासून पाणकिड्यांपर्यंत त्या पाण्यातले सारे मरते. भर पावसात हेच केले तर हानी वाहत्या पाण्यात विखुरली असती. वैशाखात त्या ओढ्याचे समग्र बियाणेच त्या एका कोंडात साठलेले असते. हा अपराध आहे, आणि तो आजचा नव्हे: स्फोटके व विष वापरून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग कायद्यानेच मनाई केलेली आहे. तरतूद सव्वाशे वर्षांची झाली, अंमल मात्र ओढ्यापर्यंत पोहोचत नाही.

जेथे पोहोचला, तेथे तो देवाच्या नावाने पोहोचला. महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंडात वरदायिनीचे म्हणून महसीर जातीचे मासे राखले जातात आणि भाविक त्यांना कुरमुरे घालतात. वाडा तालुक्यात तिळसे येथे वैतरणेच्या पात्रातही देवमाशांना कोणी हात लावत नाही. राखलेल्या अशा एका डोहामुळे वरच्या-खालच्या किती वळणांना मासा मिळत असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

मृगाचा पाऊस लागून शेताचे बांध वाहू लागले की कोंडात तगलेले हे मासे अंड्यांनी भरून ओढ्यातून शेतात चढतात. चढणीचे मासे म्हणून गावोगाव ज्यांची वाट पाहिली जाते ते हेच, आणि जेथे वैशाखात विष पडले तेथे चढण रिकामी जाते. समुद्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, कारण त्या काळात मासळीची वीण होते आणि समुद्रही खवळलेला असतो. तिच्यासाठी १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे, बंदरांवर अधिकारी आहेत. ओढ्याचा आणीबाणीचा काळ याच्या आधीच, चैत्र-वैशाखात, येऊन जातो. ग्रामसभेने आपल्या हद्दीतील एकदोन खोल कोंड नावानिशी ठरवून फाल्गुनापासून मृगापर्यंत तेथे गळाशिवाय अन्य साधन चालू देऊ नये, विष किंवा सुरुंग दिसताच पोलीस पाटलामार्फत फिर्याद दाखल करावी, आणि राखणीचा खर्च गावाच्या जमाखर्चात धरावा, असे मला मनापासून वाटते.