लसीकरणाची नोंद आणि प्राथमिक शाळा

देवीची लस टोचलेल्या माणसाच्या दंडावर तिचा वण जन्मभर राहत असे. गावात देवीच्या साथीचे भय उत्पन्न झाले, म्हणजे टोचणीचे कर्मचारी घरोघर जाऊन वण पाहत आणि कोणास लस देणे अवश्य आहे ते जागच्या जागी ठरवीत. माणसाचे शरीर हीच त्या काळची नोंदवही होती. भारतात देवीचा अखेरचा रोगी १९७५ साली आढळला. १९८० साली सारे जग देवीमुक्त झाल्याचे घोषित झाले, आणि ती टोचणी इतिहासजमा झाली. आज बालकांस ज्या लसी दिल्या जातात, त्यांपैकी बी.सी.जी. वगळता एकही लस अशी ओळखण्याजोगी खूण अंगावर ठेवीत नाही. तोंडात सोडलेले पोलिओचे थेंब अथवा मांडीत टोचलेली पेंटाव्हॅलेंट लस यांची साक्ष देणारी गोष्ट एकच उरते. ती म्हणजे कार्डावर, नोंदवहीत किंवा संगणकात केलेली एका ओळीची नोंद. ती ओळ चुकली, तर बालकास लस मिळाली किंवा नाही, हे त्याच्याकडे पाहून सांगता येत नाही.

म्हणून लस देणे आणि दिलेल्या लसीची बिनचूक नोंद ठेवणे, ही एकाच कामाची दोन अंगे होत. हे दुसरे अंग केवळ आरोग्य विभागाचे आहे, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः त्याचा शाळेशी निकटचा संबंध आहे. राष्ट्रीय वेळापत्रकाप्रमाणे त्रिगुणी लसीची दुसरी वर्धक मात्रा वयाच्या ५ ते ६ वर्षांच्या दरम्यान द्यावयाची असते, आणि धनुर्वात व घटसर्प यांवरील टी.डी. लस १० व्या व १६ व्या वर्षी. याचा अर्थ असा की, बालक पहिलीच्या वर्गात पाऊल टाकते तेव्हा एक मात्रा देय असते आणि पाचवीच्या सुमारास दुसरी. ह्या दोन्ही वेळी बालक शिक्षकाच्या डोळ्यांपुढे असते.

नोंद चुकल्याने काय होते

गोवर हा अत्यंत वेगाने पसरणारा रोग आहे. त्याचा फैलाव रोखण्यासाठी दर १०० पैकी सुमारे ९५ बालकांस लसीच्या दोन्ही मात्रा मिळालेल्या असाव्या लागतात. आता एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका आरोग्य उपकेंद्राच्या यादीत २५० बालके आहेत व त्यांपैकी २४० जणांस लस मिळाली आहे. प्रमाण शेकडा ९६ भरले, म्हणून सर्वांनी समाधान मानले. परंतु गावाबाहेरील वीटभट्टीवर राहणाऱ्या कुटुंबांतील २५ बालके त्या यादीत मुळी आलेलीच नाहीत व त्यांस लसही मिळालेली नाही. खरा हिशेब २७५ पैकी २४० असा आहे, म्हणजे शेकडा सुमारे ८७. अंश बरोबर होता, छेद चुकला. कागदावर सुरक्षित असलेले गाव प्रत्यक्षात असुरक्षित होते, आणि हे कळले असते तर साथ आल्यानंतरच कळले असते.

२०२२ सालाच्या अखेरीस मुंबई, भिवंडी व मालेगाव येथे गोवराची साथ आली आणि काही बालके दगावली. त्या वेळी घरोघर फिरून, कोणास लस मिळालेली नाही याचा शोध घ्यावा लागला, व साथीच्या भागातील ९ महिने ते ५ वर्षे वयाच्या बालकांस गोवर-रुबेला लसीची जादा मात्रा देण्यात आली. ऐन साथीत शोधाशोध करण्यापेक्षा ही माहिती आधीच हाताशी असणे किती मोलाचे आहे, हे त्यावरून ध्यानात येईल.

ठरावीक पद्धतीचे महत्त्व

नोंद ठेवणे म्हणजे काहीतरी लिहून ठेवणे नव्हे. एकाने लिहिलेले दुसऱ्यास, दुसऱ्या गावी आणि पुष्कळ वर्षांनी वाचता आले, आणि त्याचा अर्थ तोच लागला, तरच ती नोंद कामाची. यासाठी काय लिहावयाचे, कोणत्या क्रमाने व कोणत्या शब्दांत लिहावयाचे, हे आधीच ठरवून घ्यावे लागते. यालाच माहितीचे प्रमाणीकरण असे म्हणतात. शब्द जड आहे, परंतु शिक्षकांस ही गोष्ट नवी नाही. जनरल रजिस्टरातील क्रमांक एकदा एका विद्यार्थ्यास दिला की दुसऱ्यास दिला जात नाही. नाव व जन्मतारीख यांत मनास येईल तसा बदल करता येत नाही. आणि शाळा सोडल्याचा दाखला राज्यातील कोणत्याही शाळेत सारख्याच रीतीने वाचला जातो. हेच ते प्रमाणीकरण.

पल्स पोलिओ मोहिमेत त्याचे एक सुरेख उदाहरण सर्वांनी पाहिले आहे. डोस घेतलेल्या बालकाच्या डाव्या करंगळीस शाईची खूण करीत. घरातील सर्व बालकांस डोस मिळाला असल्यास दारावर ‘पी’ हे इंग्रजी अक्षर लिहीत; एखादे राहून गेले असल्यास ‘एक्स’ अशी फुली लिहीत. ही खूण साऱ्या देशात एकच होती. म्हणून परप्रांतातून आलेल्या पर्यवेक्षकासही, एकाही माणसास न विचारता, केवळ दार पाहून कोणत्या घरी पुन्हा जावयाचे ते समजे. १९९५ साली सुरू झालेल्या ह्या मोहिमेनंतर भारतातील पोलिओचा अखेरचा नैसर्गिक रोगी २०११ च्या जानेवारीत आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. ह्या यशात लसीच्या थेंबांबरोबर खडूने काढलेल्या त्या दोन अक्षरांचाही वाटा आहे.

नोंदीने उत्तर द्यावयाचे प्रश्न

लसीकरणाच्या प्रत्येक नोंदीने निदान तीन प्रश्नांचे निःसंदिग्ध उत्तर दिले पाहिजे.

पहिला प्रश्न, लस कोणास दिली? हा वाटतो तितका सोपा नाही. जन्मताच बी.सी.जी., पोलिओ व कावीळ-ब यांवरील लसी दिल्या जातात. त्या वेळी बालकाचे बारसे झालेले नसते. नोंदीत ‘सुनीताचे बाळ’ एवढेच लिहिले जाते. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. म्हणजे आरंभीच्या नोंदी एका तालुक्यात व पुढील नोंदी दुसऱ्यात. आईचे नाव एके ठिकाणी माहेरच्या आडनावाने, दुसरे ठिकाणी सासरच्या. शाळेत येईतो त्याच बालकाच्या दोन अर्धवट नोंदी तयार झालेल्या असतात, आणि दोहोंवरून पाहता त्याच्या काही मात्रा राहिल्या आहेत असे दिसते. याच्या उलट चूकही संभवते. जुळ्या भावंडांची आई, पत्ता व जन्मतारीख ही सारी एकच. अशा दोन नोंदी एकाच बालकाच्या समजून एकत्र केल्या, तर एकास मिळालेली लस दुसऱ्याच्या नावावर चढते व तो वंचित राहतो. ही दुसरी चूक अधिक घातक होय. म्हणून दोन नोंदी जोडण्यापूर्वी केवळ नावावर न विसंबता बालकाचे नाव, आई-वडिलांची नावे, जन्मतारीख, लिंग व पत्ता ही सर्व ताडून पाहावी लागतात.

दुसरा प्रश्न, कोणती लस दिली? सरकारी केंद्रात गोवर-रुबेला ही दुहेरी लस मिळते. खाजगी दवाखान्यात बहुधा गालगुंडाचा समावेश असलेली तिहेरी लस दिली जाते, आणि कार्डावर कित्येकदा कंपनीने ठेवलेले व्यापारी नावच लिहिलेले असते. ‘गोवराची लस’ म्हणून दोन्ही नोंदल्या, तर गालगुंडाविषयी काहीच बोध होत नाही. यावर उपाय म्हणून अमेरिकेत प्रत्येक लसीस ठरावीक संकेतांक देण्यात आला आहे. तेथील यादीत बी.सी.जी.चा अंक १९, तिहेरी लसीचा ३ व दुहेरीचा ४ आहे. भाषा व अक्षर कोणाचेही असो, अंकाचा अर्थ बदलत नाही. लसीच्या नावासोबत कुपीवरील बॅच क्रमांकही लिहावा लागतो. एखाद्या बॅचविषयी पुढे शंका आल्यास, ती कोणत्या बालकांस दिली गेली हे त्या क्रमांकावरूनच शोधता येते.

तिसरा प्रश्न, केव्हा दिली? गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर व पेंटाव्हॅलेंटच्या तीन मात्रा ६, १० व १४ आठवड्यांनी द्यावयाच्या असतात. मात्रा योग्य वयात पडली की नाही, हे जन्मतारीख व लस दिल्याची तारीख या दोहोंवरून ठरते. आपल्या शाळांतून एके काळी असंख्य मुलांची जन्मतारीख १ जून अशी लिहिली गेली. त्या सोयीच्या तारखेने शाळेचे काम भागले. परंतु लसीकरणाच्या हिशेबात अशी तारीख निरुपयोगी, नव्हे, फसवी ठरते. जन्मदाखल्यावरील तारीखच सर्व ठिकाणी असली पाहिजे.

सहकार्यावाचून प्रमाणीकरण नाही

हे नियम वरून पाठविलेल्या परिपत्रकाने अमलात येतीलच असे नाही. नियम पाळणारे अनेक असतात. आरोग्यसेविका लस देते, आशा स्वयंसेविका बालकास केंद्रावर आणते, अंगणवाडी सेविका शून्य ते सहा वर्षांच्या बालकांची यादी राखते, खाजगी डॉक्टर आपली वेगळी नोंद करतो आणि शिक्षक पट राखतो. प्रत्येकाची वही स्वतंत्र. ह्या वह्या एकमेकींशी बोलू लागावयाच्या, तर त्या लिहिणाऱ्यांनी आधी एकमेकांशी बोलले पाहिजे.

अमेरिकेचा अनुभव याच प्रकारचा आहे. तेथे साऱ्या देशाची मिळून एक नोंदवही नाही. राज्याराज्यांच्या व काही मोठ्या शहरांच्या वेगवेगळ्या आहेत. त्या चालविणाऱ्यांनी १९९९ साली अमेरिकन इम्युनायझेशन रजिस्ट्री असोसिएशन हा संघ स्थापन केला. पुढे ह्या संघाने राष्ट्रीय रोगनियंत्रण केंद्राच्या साहाय्याने कार्यगट बसविले व नोंदींविषयी मार्गदर्शिका तयार केल्या. त्यांत दुबार नोंदी कशा ओळखाव्यात हाही एक विषय होता. त्या कार्यगटांत संगणकतज्ज्ञांबरोबर प्रत्यक्ष नोंदवह्या सांभाळणारी माणसे बसली, ही त्यातील घेण्याजोगी गोष्ट होय.

आपल्या देशात २०२१ च्या जानेवारीत कोविड लसीकरणासाठी कोविन ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली आणि तिच्यावर २२० कोटींहून अधिक मात्रांची नोंद झाली. नावातील एका अक्षराच्या चुकीने प्रमाणपत्र दुरुस्त करून घेण्याची वेळ त्या काळात अनेकांवर आली. त्याच धर्तीवर गर्भवती माता व बालके यांच्या नियमित लसीकरणासाठी यू-विन ही व्यवस्था २०२३ साली निवडक जिल्ह्यांत प्रायोगिक रीतीने सुरू होऊन नंतर देशभर नेण्यात आली. बालक कोठेही गेले तरी त्याची नोंद सापडावी व पुढील मात्रा तेथेच मिळावी, हा तिचा हेतू आहे.

ह्या हेतूची खरी कसोटी ऊसतोड कामगारांच्या मुलांजवळ लागते. दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात जातात व हंगाम संपल्यावर परततात. गावच्या यादीत बालक ‘स्थलांतरित’ म्हणून राहते; कारखान्याच्या गावी ते ‘बाहेरचे’ ठरते. दोन्ही याद्या आपापल्या परीने बरोबर असतात, आणि बालक मात्र लसीवाचून राहते. शिक्षण हमी कार्डामुळे अशा विद्यार्थ्याचे शिक्षण जसे त्याच्या सोबत जाऊ शकते, तशी त्याची लसीकरणाची नोंदही त्याच्या सोबत गेली पाहिजे.

शिक्षकांनी करावयाची कामे

१. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी माता व बाल संरक्षण कार्ड पालकांकडून मागवून पाहावे. कार्ड नाही म्हणून प्रवेश मात्र कदापि नाकारू नये. अशा बालकाचे नाव आरोग्यसेविकेस कळवावे.

२. नाव, आई-वडिलांचे नाव व जन्मतारीख जन्मदाखल्याप्रमाणे लिहावी. लसीच्या नोंदीशी तफावत दिसल्यास ती तशीच न सोडता आरोग्यसेविकेच्या नजरेस आणावी.

३. कार्डावर नसलेली मात्रा पालकांच्या आठवणीवरून भरू नये. माहिती नसल्यास तसे लिहावे. रिकामा रकाना खोट्या तारखेपेक्षा बरा.

४. शाळेचा पट व अंगणवाडीची यादी वर्षातून एकदा तरी समोरासमोर बसून पडताळावी. वस्ती, भट्टी, तांडा व पाल येथील बालके कोणत्याच यादीत नाहीत असे होऊ देऊ नये.

५. स्थलांतरापूर्वी प्रत्येक कुटुंबाजवळ लसीकरणाचे कार्ड आहे याची खात्री करावी व त्याची एक प्रत शाळेत ठेवावी.

६. आरोग्याची माहिती ही त्या बालकाची खाजगी बाब आहे. लस न घेतलेल्यांची नावे फलकावर लावू नयेत अथवा वर्गात वाचून दाखवू नयेत.

यांपैकी कोणतेही काम अवघड नाही. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. लागते ती नेटकेपणाची सवय, आणि ती सवय प्राथमिक शिक्षकाच्या अंगी मुळातच असते. जो पट अचूक ठेवतो, त्यास लसीकरणाच्या नोंदीची किंमत वेगळी पटवून देण्याचे कारण नाही. येत्या जूनमध्ये पहिलीचे प्रवेश सुरू होतील, तेव्हा प्रत्येक शाळेने आपल्या उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेस व अंगणवाडी सेविकेस शाळेत बोलावून तीनही याद्या एका टेबलावर मांडाव्यात. त्या पहिल्याच बैठकीत एखादे सुटलेले बालक हाती लागले, तरी त्या बैठकीचे सार्थक झाले.